परसात आईसाठी ४०० स्क्वेअर फुटांचं घर बांधायचंय, नकाशा काढून अडकलेय

मागचंदार

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथले धागे नुसते वाचतेय, आज पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आमचं घर जुनं, दुमजली, शहरातल्या वस्तीतलं. तोंड उत्तरेला रस्त्याकडे आणि मागे दक्षिणेला परस, पूर्व-पश्चिम ४० फूट रुंद आणि मागे ५० फूट खोल. आई ७१ वर्षांची आहे, गुडघे दुखतात, जिना चढणं होत नाही म्हणून हॉलमध्येच झोपते आणि खालच्या एकुलत्या एका बाथरूमसाठी आम्ही पाचही जण रांगेत असतो. तिला स्वतःचं दार हवंय, असं तिने एकदाच सांगितलं पण मला ते लागून राहिलंय. म्हणून परसाच्या अगदी टोकाला, मागच्या कुंपणापासून ५ फूट आणि पश्चिमेच्या कुंपणापासून ५ फूट सोडून, २० बाय २० चं घर काढलंय. एक खोली, किचन, बाथरूम. मागच्या पूर्वेच्या कोपऱ्यात एक जुनं मोठं झाड आहे, ते ठेवायचंच आहे. पश्चिमेच्या शेजाऱ्यांचं घर दोन मजली, पूर्वेला बैठं.

मला हे घर होईल तितकं पर्यावरणाला धरून करायचंय. कंटेनर, मातीचे ब्लॉक, बांबू, सगळ्यावर वाचून झालं आणि जितकं वाचतेय तितकी गोंधळतेय. मटेरियल कोणतं घेऊ? छपरावर सोलर टाकायचं मनात आहे, पावसाचं पाणीही साठवायचंय. परवानगीचं पहिलं बोलणं झालंय, दुसरं घर चालतं फक्त मार्जिन, म्हणजे कुंपणापासून मोकळी जागा, सोडावी लागते.

ओळंबा

ताई, मटेरियल राहू दे बाजूला, आधी एक सांगा, तुमचं ड्रेनेजचं चेंबर कुठे आहे आणि किती खोल आहे? चाळीस वर्षं साईटवर काढलीत आणि परसातल्या घरांचे नकाशे तिथेच फसताना बघितलेत, कारण मागचं घर कागदावर सगळे वरून बघतात आणि पाणी तर उतारानेच जाणार.

११० मिमीच्या पाईपला साधारण ५० ला १ ढाळ धरा, म्हणजे ५० मीटरला १ मीटर. तुमच्या नकाशात बाथरूम टोकाला आहे म्हणजे वळणं धरून १४ मीटर तरी पाईप जाईल, त्याला २८ सेंटीमीटर उतार लागला. वर नहाणी ट्रॅप (पाणी धरून गटाराचा वास अडवणारा भाग), त्यावरचा थर, फरशी मिळून आणखी ३५ सेंटीमीटर धरून चाला. म्हणजे चेंबरमध्ये पाईप जिथे पडतो तिथून आईच्या बाथरूमची फरशी ६३ सेंटीमीटर वर आली. आता चेंबर उथळ असेल आणि परस मागे उतरत गेलं असेल, जे बहुतेक ठिकाणी असतं, तर घर आपोआप उंच जोत्यावर जातं आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला तीन-चार पायऱ्या लागतात. पंप बसवून मैला वर चढवता येतो पण लाईट गेली किंवा पंप अडकला की म्हातारं माणूस अडकतं, दुसरा काही मार्ग असेल तर मी ते सुचवणार नाही.

एक साधी पारदर्शक नळी घ्या, पाणी भरा, बुडबुडे काढा, दोन टोकं दोन जागी धरून लेव्हल घ्या. एक टोक चेंबरपाशी, दुसरं परसाच्या मागच्या भिंतीपाशी, आणि चेंबरचं झाकण काढून आतल्या पाईपची खोली मोजा. दोघं जण असाल तर तासाभराचं काम. आकडे टाका मग बोलू.

हिरवीवेल

झाड ठेवायचंच आहे हे वाचून फार बरं वाटलं. पण ठेवायचं म्हणजे नुसतं न तोडणं नाही हो. बुंधा किती जाड आहे? बांधकामाजवळच्या झाडांसाठी ब्रिटिश स्टँडर्ड ५८३७ आहे, त्यात ढोबळ नियम आहे की जमिनीपासून दीड मीटरवर बुंध्याचा जो व्यास त्याच्या १२ पट त्रिज्येचं वर्तुळ मुळांसाठी सोडायचं. ४० सेंटीमीटरचा बुंधा असेल तर ४.८ मीटर, म्हणजे जवळजवळ १६ फूट. लोकांना वाटतं मुळं झाडासारखीच खाली खोल जातात, पण अन्न-पाणी ओढणारी बहुतेक मुळं वरच्या दोन फुटांत असतात आणि आडवी लांब पसरतात. पायाची एक सलग चर खणली की त्या बाजूची मुळं गेली, आणि झाड लगेच मरत नाही, तीन-चार वर्षांनी शेंड्याकडून वाळायला लागतं तेव्हा कोणाला बांधकाम आठवतही नाही.

खणण्याइतकंच वाईट म्हणजे माती दाबली जाणं. वाळूचा ढीग, विटांची थप्पी, माल घेऊन येणारी गाडी, सगळं सावली बघून झाडाखालीच येतं. आणि काँक्रीटचा मिक्सर धुतलेलं पाणी तिथेच ओततात, ते सिमेंटमुळे अल्कली असतं, मुळांना सोसत नाही. काम सुरू व्हायच्या आधी त्या वर्तुळाला कुंपण घाला, दोरी नको, पत्रे किंवा जाळी, दोरी कोणी पाळत नाही. हे मी हात जोडून सांगतेय.

आणि हे झाड तुमच्या आईचा कूलर आहे. सावली तर देतंच पण पानांतून पाणी बाहेर टाकताना आजूबाजूची हवाही गार करतं. तितकी सावली देणारं दुसरं झाड लावलं तर यायला वीस-पंचवीस वर्षं लागतील, आई ७१ च्या आहेत.

मोजपट्टी

मी थोडं वेगळं बोलतो, राग नसावा. पर्यावरणाचाच विचार असेल तर पहिला प्रश्न हा की बांधायलाच हवं का? आहे त्याच घराच्या तळमजल्यावर एक खोली आणि एक बाथरूम काढता येत असेल, मागच्या बाजूने आईला स्वतंत्र दार देता येत असेल तर त्याइतकं हलकं काहीच नाही. नवा पाया नाही, नवं छप्पर नाही. हे तपासून झालं असेल तर सोडून द्या.

बांधायचंच असेल तर कंटेनर डोक्यातून काढा. फोटोत छान दिसतो. आतली रुंदी २.३५ मीटर असते, दोन्ही बाजूंना इन्सुलेशन आणि पॅनेल केलं की सव्वादोन मीटरच्या खाली येते, पलंग टाकला की बाजूला व्हीलचेअर वळायला जागा उरत नाही. पत्रा उन्हात तापतो, थंडीत आतून घाम सुटतो. खिडक्या-दारांसाठी बाजू कापली की ताकद जाते, कारण ती कोपऱ्यांतल्या खांबांबरोबर त्या नागमोडी पत्र्यातही असते, मग फ्रेम वेल्ड करत बसा. जुन्या कंटेनरच्या लाकडी तळाला कीटकनाशक मारलेलं असतं तो मुद्दा वेगळाच. आणि क्रेन मागच्या परसात कुठून नेणार?

आता भिंतीची जाडी. मोठ्या घरात याकडे कोणी बघत नाही पण छोट्या घरात ती खोली खाते. २० बाय २० ला ९ इंची विटेची भिंत घातली तर आत उरतात साडेअठरा बाय साडेअठरा, म्हणजे ३४२. अठ्ठावन्न स्क्वेअर फूट नुसत्या भिंतीत गेले, तेवढ्यात बाथरूम बसतं! ६ इंची एएसी ब्लॉक (बारीक हवेची छिद्रं असलेले हलके काँक्रीटचे) घेतले तर आत ३६१ मिळतात आणि विटेपेक्षा उष्णताही बरीच कमी आत येते. मातीचे दाबलेले ब्लॉक मला मनापासून आवडतात, त्यात ५ ते १० टक्के सिमेंट असतं बाकी माती, पण त्यांना जोतं उंच आणि छपराची झाप मोठी लागते, आणि भिंत जाड होते. तुमच्या जागेत ते बसेल का शंका आहे.

छप्पर मात्र नीट विचार करून घ्या. झापेसकट ४५ चौरस मीटरचा ५ इंची स्लॅब म्हणजे साडेपाच घनमीटरच्या वर काँक्रीट आणि त्यात पावणेदोन-दोन टन सिमेंट. माणसं हवेत सोडतात त्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी ७-८ टक्के एकट्या सिमेंटचा आहे. वर दुसरा मजला चढवायचा नसेल तर स्लॅब कशाला? हलकं उतरतं छप्पर, खाली हवेची फट, त्याखाली इन्सुलेशन, वरून पांढरा रंग. बैठ्या घरात ऊन सगळ्यात जास्त छपरातूनच येतं, तिथे कंजुषी नको. जुनी दारं-खिडक्या पाडकामवाल्यांकडे चांगल्या लाकडाची मिळतात, पण आधी दार आणा मग भिंतीत तेवढी जागा सोडा, उलटं केलं की सुतार कापत बसतो.

मागचंदार

सगळ्यांचे खूप आभार, मला वाटलं नव्हतं इतकं कोणी लिहील. मोजपट्टीदादा, राग कसला, तो विचार आम्ही केला होता. तळमजल्याला बाथरूम काढायला जिन्याखालची भिंत पाडावी लागते आणि ती भार घेणारी आहे असं स्ट्रक्चरल इंजिनीअरने लिहून दिलंय, शिवाय आईला मागचं अंगण हवंय. बुंधा आज मोजला, अगदी ४० सेंटीमीटर निघाला. मागच्या कुंपणापासून ८ फूट, पूर्वेच्या कुंपणापासून ६ फूट. म्हणजे माझ्या नकाशातली भिंत झाडापासून फक्त ९ फुटांवर येते. लेव्हल रविवारी घेते.

उंबरठा

मी अशा घरात सहा वर्षं राहिलेय, सासूबाईंसोबत, ३५० स्क्वेअर फूट, पुढच्या घरात दीर-जाऊ. त्यामुळे नकाशाचं नाही, राहण्याचं सांगते.

आम्हाला पहिल्याच वर्षी ओल धरली. कपाटामागे काळी बुरशी, सासूबाईंना खोकला, आम्ही छप्पर गळतंय म्हणून दोनदा वॉटरप्रूफिंग करून घेतलं आणि छप्पर गळतच नव्हतं! पाणी आमचंच होतं. बाथरूमला पंखा नव्हता, बाहेर पाऊस म्हणून कपडे आत वाळत घालायचो. मग एका ओळखीच्या इंजिनीअरने गणित मांडून दाखवलं तेव्हा डोळे उघडले. एवढ्या घरात हवा साधारण ९० घनमीटर, २५ डिग्रीला ती हवा पूर्ण भरेपर्यंत दोनेक लिटर पाणी वाफ म्हणून धरू शकते, आणि वॉशिंग मशीनमधून काढलेला कपड्यांचा एक घाणा वाळताना तितकंच पाणी सोडतो. मोठ्या घरात ते कुठेतरी जिरून जातं, छोट्या घरात भिंतीवरच बसतं. मग बाथरूमला बाहेर हवा फेकणारा एक्झॉस्ट लावला, अंघोळीनंतर वीस मिनिटं चालू राहील असा टायमर घातला, किचनवर दुसरा, कपाटं भिंतीपासून दोन इंच पुढे ओढली, कपड्यांसाठी बाहेर पत्र्याची झाप काढली. ओल गेली. खोकलाही कमी झाला. तुम्ही हे नकाशातच घाला, आम्हाला नंतर भिंत फोडावी लागली होती. आणि गॅसऐवजी इंडक्शन घ्या, गॅस जळतानाही वाफ आणि धूर आतच सोडतो.

बाथरूमला उंबरठाच ठेवू नका, पाणी अडवायला फरशीला उतार द्या. दार ३ फुटी आणि सरकतं. आत ५ फुटांचं वर्तुळ मोकळं ठेवा, आज आई चालतात पण उद्या वॉकर आला, खुर्ची आली तर वळायला तेवढी जागा लागते. हँडल आज लावायची नसतील तरी कमोडशेजारची आणि शॉवरची भिंत तिथे भरीव ठेवा.

शेवटचं, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दोन्ही घरांच्या खिडक्या समोरासमोर आणू नका. सासूबाई म्हणायच्या, मला सगळे सारखे बघत असतात असं वाटतं. त्यांनी दिवसाही पडदा उघडला नाही, म्हणजे इतकी मोठी खिडकी करून आत अंधारच. आईची खिडकी झाडाकडे करा. आणि दोन घरांमधली वाट सपाट, न घसरणारी, रात्री आपोआप लागणारा एक मंद दिवा. कोणी कोणाकडे किती वेळा जाईल हे त्या वाटेवर ठरतं.

मागचंदार

रविवारी भाऊ आला होता, नळीने लेव्हल घेतली, ओळंबाकाका तुम्ही म्हणालात तसंच निघालं. चेंबर परसाच्या वायव्य कोपऱ्यात, आमच्या घराच्या मागच्या भिंतीलगत आहे. तिथल्या जमिनीपासून आतला पाईप ४५ सेंटीमीटर खाली. आणि परस मागे जाताजाता ३० सेंटीमीटर उतरतंय, डोळ्याला मुळीच कळत नाही.

म्हणजे हिशोब असा झाला: चेंबरमधल्या पाईपवर ६३ म्हणजे तिथल्या जमिनीपेक्षा फरशी १८ ने वर, आणि मागे जमीन ३० ने खाली, म्हणजे आईचं जोतं ४८ सेंटीमीटर. तीन पायऱ्या. मी नकाशा फाडला.

मग उंबरठाताईंचं आणि हिरवीवेलताईंचं पुन्हा वाचलं आणि रात्री नवीन काढला. घर आता चौकोनी नाही, लांबट आहे, पश्चिमेच्या कुंपणापासून ५ फूट सोडून त्याच्या कडेने १३ बाय ३०. मागच्या टोकाला ५ फूट तसेच. झाडापासून भिंत बरोबर १६ फुटांवर येते. पुढच्या घरापासून अंतर १५ फूट. बाथरूम उत्तरेच्या टोकाला, चेंबरकडे, त्याला लागून किचन, दोघांची नळाची भिंत एकच. मग बसायची जागा आणि दक्षिणेच्या टोकाला झोपायचं, तिथून खिडकी झाडाकडे. पण आता लांब बाजू पूर्व-पश्चिम तोंडाच्या झाल्या आणि मी सगळीकडे वाचलंय की लांब बाजू उत्तर-दक्षिण असाव्यात. चुकतंय का?

ओळंबा

नाही चुकत. पुस्तकातला नियम मोकळ्या माळावरच्या घराचा आहे आणि तुमचं घर माळावर नाही. उत्तर गोलार्धातलं धरून सांगतो, दक्षिणेचं ऊन डोक्यावरून येतं ते छज्ज्याने अडतं, पूर्व-पश्चिमेचं तिरपं येतं ते छज्ज्याला जुमानत नाही, म्हणून तो नियम. पण तुमच्या पश्चिमेला दोन मजली घर उभं आहे, दुपारनंतर तेच सावली टाकणार. राहिली पूर्व, सकाळचं ऊन, ते झाड आणि पडवी मिळून सांभाळतील. पडवी पूर्वेच्या बाजूला काढा पण ती मुळांच्या वर्तुळात जाते म्हणून तिला सलग पाया नको, चार-पाच खांब, खड्डे हाताने खणायचे, अंगठ्याएवढं मूळ लागलं की खड्डा फूटभर सरकवायचा. पश्चिमेच्या भिंतीला वर छोट्या खिडक्या ठेवा म्हणजे १३ फुटांच्या रुंदीतून वारा आरपार जाईल, लांबट घराचा हा मोठा फायदा.

आता लेव्हल. बाथरूम चेंबरपासून ५ मीटरवर आलं, उतार १० सेंटीमीटर, वर ३५, म्हणजे फरशी चेंबरपाशी असलेल्या जमिनीच्या बरोबरीला. बाथरूमपाशी परसाची जमीन १० ने खाली असेल. मी अजून ५ सेंटीमीटर वर घेईन, पावसाचे शिंतोडे उडतात. जमिनीपासून १५ सेंटीमीटर, १२ ला १ च्या रॅम्पने ६ फुटांत चढता येतं, पायरी एकही नाही. मागच्या टोकाला जोतं ३५ सेंटीमीटर दिसेल, दिसू दे, तिकडे दार नाही. पाईपची चर कुंपणाच्या बाजूने घ्या, झाडापासून लांब, मुळं पाईपच्या सांध्यात शिरतात.

मोजपट्टी

नवीन नकाशा खूपच चांगला झालाय. ६ इंची भिंतीत आत १२ बाय २९ म्हणजे ३४८, चौकोनापेक्षा १३ स्क्वेअर फूट कमी पण आता एकही कोपरा वाया जात नाहीये.

सोलरचं मात्र आईच्या छपरावर नको. १ किलोवॅटला ५-६ चौरस मीटर जागा लागते, ती आहे, पण सकाळी झाड आणि दुपारी शेजारी, उत्पादन काय मिळणार? पॅनेल तुमच्या दुमजली घराच्या गच्चीवर टाका आणि केबल मागे न्या. आईच्या छपरावर पाणी गोळा करा, १ चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर, ४५ चौरस मीटरवर १० मिमीची एक सर आली की ४५० लिटर, त्यातलं ८० टक्के हाताला लागेल असं धरा. पहिलं पाणी बाजूला काढायची सोय ठेवा, झाडाची पानं पन्हाळीत येणारच. टाकीचं जास्तीचं पाणी झाडाच्या बाजूला सोडा, भिंतीच्या पायात नको.

मागचंदार

काल परसात फक्कीने अख्खं घर जमिनीवर आखलं. भिंती, दारं, पलंग, कमोड, सगळं. आई काठी घेऊन त्यात फिरली, प्लॅस्टिकची खुर्ची नेऊन "खिडकीत" बसली, तिथून झाड दिसतं का बघितलं. मग किचनमधून बाथरूमकडे दोनदा जाऊन आली आणि म्हणाली बाथरूमचं दार दोन फूट इकडे घ्या, रात्री उठल्यावर मला भिंतीला हात लावूनच जाता आलं पाहिजे, मध्ये मोकळं नको. तिला हवं तसं केलं तर अख्खं बाथरूमच दोन फूट दक्षिणेला सरकतं. ओळंबाकाका, लेव्हल बिघडेल का?

ओळंबा

सरकवा. दोन फुटांना ढाळ सव्वा सेंटीमीटरही वाढत नाही. आई सांगतील तसंच करा, आणि फक्की पुसू देऊ नका, अजून चार दिवस त्यांना त्यात फिरू दे.